पेन ड्राइव्ह तुमचाच, मग लिनक्स 'परमिशन डिनाइड' का म्हणतं?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा मोफत सपोर्ट थांबवला. विंडोज ११ च्या अटींत न बसणारे, पण अजून धडधाकट असलेले जुने लॅपटॉप घराघरांत पडून आहेत. त्यांच्यासाठी उबुंटू, लिनक्स मिंट असा मोफत पर्याय हमखास सुचवला जातो. लिनक्स टाकून होतं, इंटरनेट चालतं, गाणी वाजतात. मग एक दिवस पेन ड्राइव्ह लावून त्यात फाइल टाकायला जावं, तर स्क्रीनवर उत्तर येतं: 'परमिशन डिनाइड'. म्हणजे परवानगी नाही.

पेन ड्राइव्ह स्वतःच्या पैशाने घेतलेला, लॅपटॉप स्वतःचा, पासवर्डही स्वतःचाच. मग परवानगी नक्की कोणाची हवी?

इथे वैतागलेला माणूस सहसा दोन गोष्टी करतो. एक तर इंटरनेटवर कुठेतरी सापडलेली '७७७' वाली कमांड चालवतो, नाहीतर पेन ड्राइव्ह थेट फॉरमॅट करून टाकतो. पहिल्या प्रकारात अख्खी सिस्टिम बिघडू शकते आणि दुसऱ्यात लग्नाचे फोटो, प्रोजेक्ट रिपोर्ट, हिशेबाच्या फाइल्स जातात. खरं तर बहुतेक वेळा पेन ड्राइव्हला काहीच झालेलं नसतं. त्यावरच्या फाइल्सचा मालक कोण, याबद्दल लिनक्सचा आणि तुमचा हिशेब जुळलेला नसतो, एवढंच.

हा हिशेब कसा चालतो, कुठे चुकतो आणि डेटा न गमावता दुरुस्त कसा करायचा, त्याबद्दलची ही सविस्तर माहिती. यात कमांडची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलमध्ये ती इंग्रजी लहान अक्षरांतच टाइप करावी लागतात.

'माउंट' करणं म्हणजे काय?

विंडोजमध्ये पेन ड्राइव्ह लावला की 'ई' किंवा 'एफ' असं नवीन अक्षर दिसतं. लिनक्समध्ये अशी अक्षरं नसतात. तिथे सगळ्या फाइल्सचं एकच मोठं झाड असतं आणि नवीन ड्राइव्ह त्या झाडाच्या एखाद्या फांदीला जोडला जातो. या जोडण्याला माउंट करणं म्हणतात. उबुंटूत ही फांदी 'मीडिया' या फोल्डरमध्ये तुमच्या युजरनेमखाली तयार होते. फेडोरात ती 'रन' फोल्डरच्या आत असलेल्या 'मीडिया'मध्ये असते.

ड्राइव्ह जोडताना लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, दोन गोष्टी ठरवतो. ड्राइव्हवरचा मजकूर कोणत्या पद्धतीने वाचायचा ही पहिली आणि त्या फाइल्सना कोण हात लावू शकेल ही दुसरी. सगळा गोंधळ या दुसऱ्या गोष्टीत आहे.

मालक, गट आणि बाकीचे

लिनक्सने परवानग्यांची पद्धत युनिक्सकडून घेतली. युनिक्सची सुरुवात १९६९ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी केली. त्या काळी एका मोठ्या कॉम्प्युटरवर अनेक जण काम करायचे. एकाची फाइल दुसऱ्याने वाचू नये, चुकून पुसू नये, यासाठी प्रत्येक फाइलवर मालकाची नोंद असणं गरजेचं होतं.

म्हणून प्रत्येक फाइलसाठी तीन प्रकारचे लोक ठरले: मालक, मालकाचा गट आणि बाकीचे सगळे. प्रत्येकाला तीन परवानग्या देता येतात. वाचणं, लिहिणं आणि चालवणं. वाचण्याचे ४, लिहिण्याचे २ आणि चालवण्याचा १ असे गुण धरून त्यांची बेरीज करतात. म्हणून ७ म्हणजे सगळं काही, ६ म्हणजे वाचणं-लिहिणं, ५ म्हणजे वाचणं-चालवणं आणि ४ म्हणजे फक्त वाचणं.

७५५ हा आकडा दिसला तर त्याचा अर्थ असा: मालकाला सगळं, गटाला आणि बाकीच्यांना वाचणं-चालवणं. ६४४ म्हणजे मालक वाचू-लिहू शकतो, बाकीचे फक्त वाचू शकतात. फोल्डरच्या बाबतीत 'चालवणं' याचा अर्थ त्या फोल्डरच्या आत शिरता येणं.

या सगळ्यांच्या वर एक युजर असतो, 'रूट'. त्याला जवळपास कुठेच अडवलं जात नाही. कमांडच्या आधी 'सुडो' लावलं की ती कमांड रूटच्या अधिकाराने चालते.

पेन ड्राइव्हवर मालकाचं नाव असतं का?

बहुतेक पेन ड्राइव्हवर नसतं. गोंधळाचं मूळ कारण हेच.

दुकानातून आणलेला पेन ड्राइव्ह सहसा फॅट ३२ किंवा एक्सफॅट या फॉरमॅटमध्ये असतो. फॅट या कुळाची सुरुवात १९७७ च्या आसपासची, फ्लॉपी डिस्कच्या काळातली. एक टेबल, एक कॉम्प्युटर, एक माणूस असा तो मामला होता. कोणती फाइल कोणाची, हा प्रश्नच नव्हता. त्यामुळे या फॉरमॅटमध्ये मालकाचा रकाना ठेवलेलाच नाही. 'फक्त वाचा' असा एक शिक्का फाइलवर मारता येतो, पण तो सगळ्यांसाठी सारखाच.

एक्सफॅट मायक्रोसॉफ्टने २००६ मध्ये आणलं. फॅट ३२ मध्ये एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी असू शकत नाही, ती अडचण त्यात गेली. मालकाचा रकाना मात्र तिथेही आला नाही.

ईएक्सटी ४ हा लिनक्सचा स्वतःचा फॉरमॅट आहे. २००८ च्या डिसेंबरमध्ये आलेल्या कर्नल २.६.२८ पासून तो नेहमीच्या वापरासाठी पक्का मानला गेला. त्यात प्रत्येक फाइलसोबत मालक, गट आणि परवानग्या ड्राइव्हवरच लिहिलेल्या असतात. विंडोजच्या एनटीएफएसमध्येही मालकाची नोंद असते, पण ती विंडोजच्या पद्धतीची. ती लिनक्सच्या युजरशी आपोआप जुळत नाही.

म्हणजे एकच 'परमिशन डिनाइड' हा संदेश दोन अगदी वेगळ्या कारणांनी येऊ शकतो. ड्राइव्हवर मालक लिहिलेलाच नाही किंवा लिहिलाय, पण तो तुम्ही नाही. दोन्हींचे उपाय वेगवेगळे आहेत.

मग तोच पेन ड्राइव्ह कधी चालतो, कधी नाही, असं का?

फॅट किंवा एक्सफॅटच्या ड्राइव्हवर मालकाचा रकाना नसला तरी लिनक्सला तो लागतोच. त्यामुळे माउंट करताना कर्नल सगळ्या फाइल्सना एक मालक ठरवून टाकतो. हा मालक ड्राइव्हवर कुठेही लिहिला जात नाही. ड्राइव्ह काढला की तो गेला.

फाइल मॅनेजरमध्ये पेन ड्राइव्हच्या चित्रावर क्लिक केलं की 'यूडिस्क्स' नावाची सेवा हे काम करते. समोर कोण लॉग-इन झालंय हे तिला माहीत असतं, म्हणून ती मालक म्हणून तुमचाच नंबर लावते. फाइल्स टाकता येतात, पुसता येतात. सगळं सुरळीत.

पण तोच ड्राइव्ह टर्मिनलमधून 'सुडो माउंट' लिहून जोडला तर? ती कमांड रूटने चालवलेली असते. मालक कोण हे सांगितलेलं नसल्यामुळे कर्नल जोडणाऱ्यालाच मालक धरतो. म्हणजे सगळ्या फाइल्स रूटच्या झाल्या आणि तुम्ही 'बाकीचे' ठरलात. नेहमीच्या सेटिंगमध्ये परवानगी ७५५ लागते. त्यामुळे फाइल्स उघडून वाचता येतात, पण नवीन काही टाकायला गेलं की 'परमिशन डिनाइड'.

जुन्या लॅपटॉपचा घरगुती सर्व्हर केला असेल किंवा रास्पबेरी पाय विनास्क्रीन वापरत असाल, तर हा अनुभव हमखास येतो. कारण तिथे क्लिक करायला डेस्कटॉपच नसतो.

यावर उपाय सोपा आहे. ड्राइव्ह आधी अनमाउंट करायचा आणि पुन्हा जोडताना मालक कोण हे सांगायचं. माउंट कमांडला 'ओ' हा पर्याय देऊन त्यापुढे 'यूआयडी' आणि 'जीआयडी' म्हणजे युजरचा आणि गटाचा नंबर लिहायचा. स्वतःचा नंबर माहीत नसेल तर टर्मिनलमध्ये 'आयडी' एवढंच टाइप केलं की तो दिसतो. उबुंटू, डेबियन आणि फेडोरामध्ये पहिल्या युजरला सहसा १००० हा नंबर मिळतो.

सोबत 'यूमास्क'ही देता येतो. हा आकडा कोणत्या परवानग्या काढून घ्यायच्या ते सांगतो. ०२२ दिला तर ७५५ उरतात. ०७७ दिला तर ७००, म्हणजे मालकाशिवाय कोणालाच आत डोकावता येत नाही. एकाच कॉम्प्युटरवर अनेक जण लॉग-इन करत असतील, तर हा दुसरा आकडा उपयोगी पडतो. फोल्डरसाठी 'डीमास्क' आणि फाइलसाठी 'एफमास्क' असे वेगवेगळे आकडेही देता येतात.

मालक बदलायची कमांड चालत का नाही?

'चेंज ओनर' या शब्दांवरून आलेली 'सीएचओन' ही मालक बदलण्याची कमांड. 'चेंज मोड'वरून आलेली 'सीएचमॉड' ही परवानग्या बदलण्याची. परवानगीचा प्रश्न आला की इंटरनेटवर पहिला सल्ला या दोन कमांडचाच मिळतो.

फॅटच्या ड्राइव्हवर 'सीएचओन' चालवलं तर 'ऑपरेशन नॉट परमिटेड' असं उत्तर येतं. सुडो लावूनही तेच. कारण अधिकार कमी पडलेला नसतो, लिहायला जागाच नसते. फॉर्ममध्ये रकानाच नसेल तर साहेबांनी सही केली तरी नाव कुठे लिहिणार?

'सीएचमॉड'ची तऱ्हा आणखी फसवी. फॅटच्या फाइलवर ६०० अशी परवानगी लावायला सांगितली, तर बऱ्याचदा कमांड कसलीही तक्रार न करता संपते. काम झालं असं वाटतं. प्रत्यक्षात काहीच बदललेलं नसतं.

याचा फटका कुठे बसतो? सर्व्हरवर लॉग-इन करण्यासाठी वापरली जाणारी एसएसएचची खासगी की काही जण पेन ड्राइव्हवर ठेवतात. की फाइल मालकाशिवाय इतरांनाही वाचता येत असेल, तर एसएसएच ती वापरायला सरळ नकार देतं. फॅटच्या ड्राइव्हवर प्रत्येक फाइल ७५५ सारखी दिसते आणि सीएचमॉडने ती बदलत नाही. मग माणूस तासन्‌तास की चुकीची आहे असं समजून डोकं फोडत बसतो. ती फाइल होम फोल्डरमध्ये कॉपी करून तिथे परवानगी बदलली की काम होतं.

ईएक्सटी ४ चा ड्राइव्ह आणि रोल नंबरचा घोळ

ईएक्सटी ४ मध्ये मालक ड्राइव्हवरच लिहिलेला असतो, मग तिथे तरी अडचण येऊ नये. पण येते. कारण तिथे मालकाचं नाव लिहिलेलं नसतं, फक्त नंबर असतो.

शाळेतल्या रोल नंबरसारखा हा प्रकार आहे. वहीवर फक्त 'रोल नंबर १२' लिहिलं असेल, तर 'अ' तुकडीत ती वही एकाची आणि 'ब' तुकडीत दुसऱ्याचीच ठरेल. लिनक्सचंही तसंच. घरच्या लॅपटॉपवर १००० हा नंबर तुमचा. ड्राइव्ह कॉलेजच्या लॅबमध्ये लावला, तर तिथे १००० नंबर भलत्याच युजरचा असू शकतो. तुमचा नंबर तिथे १००७ असेल, तर स्वतःच्याच फाइल्सना हात लावता येत नाही. आणि ज्याचा नंबर तिथे १००० आहे, तो मात्र त्या बिनदिक्कत उघडू शकतो, बदलू शकतो, पुसू शकतो.

दुसरी नेहमीची अडचण नव्या ड्राइव्हची. टर्मिनलमधून ईएक्सटी ४ फॉरमॅट केलं की ड्राइव्हच्या सर्वांत वरच्या फोल्डरचा मालक रूट असतो. ड्राइव्ह रिकामा, कोराकरकरीत आणि तरी एकही फाइल टाकता येत नाही.

इथे मात्र सीएचओनच योग्य उपाय आहे. माउंट करताना 'यूआयडी' देण्याचा पर्याय ईएक्सटी ४ ला लागू होत नाही. ड्राइव्ह जोडायचा आणि ज्या फोल्डरला तो जोडलाय, त्या फोल्डरवर सुडो लावून सीएचओन चालवून मालक म्हणून स्वतःचा नंबर द्यायचा. हा बदल ड्राइव्हवर लिहिला जातो, त्यामुळे पुन्हा पुन्हा करावा लागत नाही.

'रीड-ओन्ली' म्हणजे परवानगीचा प्रश्न नाही

कधी कधी संदेश वेगळा येतो: 'रीड-ओन्ली फाइल सिस्टिम'. यात मालकाचा काही संबंध नाही. अख्खा ड्राइव्हच फक्त वाचण्यासाठी जोडलेला असतो. रूटलाही लिहिता येत नाही. त्यामुळे सीएचमॉड, सीएचओन इथे निरुपयोगी. याची कारणं साधारण चार.

पहिलं, पेन ड्राइव्ह 'इजेक्ट' न करता उपटला जाणं. कॉपी झाल्यासारखी दिसणारी फाइल बऱ्याचदा अजून मेमरीत असते आणि हळूहळू ड्राइव्हवर उतरत असते. मधेच ड्राइव्ह काढला तर नोंदी अर्धवट राहतात. पुढच्या वेळी फॅटच्या ड्राइव्हवर अशी गडबड आढळली, तर आणखी नुकसान नको म्हणून कर्नल लिहिणं बंद करतो. ड्राइव्ह अनमाउंट करून 'एफएससीके' या तपासणी कमांडने किंवा 'डिस्क्स' या ॲपमधल्या दुरुस्तीच्या पर्यायाने तो बहुतेक वेळा ठीक होतो.

दुसरं, विंडोजचं 'फास्ट स्टार्टअप'. विंडोज ८ पासून आलेल्या या सोयीत कॉम्प्युटर बंद केला तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपी जातं. अशा वेळी एनटीएफएसचा ड्राइव्ह लिनक्स एक तर फक्त वाचण्यासाठी जोडतं किंवा जोडतच नाही. विंडोज 'रीस्टार्ट' न करता नीट 'शट डाउन' करणं पुरेसं नसतं, फास्ट स्टार्टअपच बंद करावं लागतं.

तिसरं, मेमरी कार्डाच्या कडेला असलेलं छोटं 'लॉक'चं बटण. ते खाली सरकलेलं असेल तर लिहिता येत नाही.

चौथं कारण गंभीर आहे. काही पेन ड्राइव्ह खराब व्हायला लागले की त्यातली चिपच लिहिणं थांबवते. अशा वेळी दुरुस्तीच्या मागे न लागता आधी सगळा डेटा दुसरीकडे कॉपी करून घ्यावा.

फाइल दिसते, पण चालत नाही?

पेन ड्राइव्हवरची स्क्रिप्ट चालवायला गेल्यावर 'परमिशन डिनाइड' येण्यामागे आणखी एक कारण असू शकतं. डेस्कटॉपवरून फॅटचा ड्राइव्ह जोडताना यूडिस्क्स चालवण्याची परवानगी फक्त विंडोजच्या ईएक्सई, कॉम आणि बॅट या प्रकारच्या फाइल्सना देतं. लिनक्सची शेल स्क्रिप्ट त्यात बसत नाही. ती होम फोल्डरमध्ये आणून चालवावी.

सोबत यूडिस्क्स 'नोसूइड' नावाची आणखी एक अट लावतं आणि ती फार मोलाची आहे. लिनक्समध्ये काही प्रोग्रामवर अशी खूण असते की कोणीही चालवला तरी तो मालकाच्या अधिकाराने चालावा. समजा, कोणी स्वतःच्या घरी, जिथे तो स्वतःच रूट आहे, ईएक्सटी ४ च्या पेन ड्राइव्हवर असा प्रोग्राम तयार केला आणि तो लॅबच्या कॉम्प्युटरला लावला. नोसूइड नसेल, तर तो क्षणात लॅबच्या कॉम्प्युटरचाही रूट होईल. म्हणून हाताने माउंट करताना ही अट विसरू नये.

उबुंटूवर अजून एक प्रकार दिसतो. फाइल मॅनेजरमध्ये पेन ड्राइव्ह व्यवस्थित उघडतो, पण एखाद्या ॲपला त्यातलं काहीच दिसत नाही. ते ॲप 'स्नॅप' प्रकारचं असेल, तर त्याच्याभोवती स्वतंत्र कुंपण असतं. पेन ड्राइव्हपर्यंत पोहोचण्याची मुभा अनेक ॲपना वेगळी द्यावी लागते. सॉफ्टवेअर सेंटरमध्ये त्या ॲपच्या परवानग्यांत हा पर्याय मिळतो.

'७७७' इतकं धोक्याचं का?

७७७ म्हणजे मालक, गट, बाकीचे, सगळ्यांना सगळं. फॅटच्या ड्राइव्हवर ते चालतच नाही. ईएक्सटी ४ वर चालतं, पण मग त्या कॉम्प्युटरवरचा कोणताही युजर तुमच्या फाइल्स बदलू किंवा पुसू शकतो.

खरा धोका वेगळाच. ही कमांड बहुतेक वेळा सुडो आणि 'आतल्या सगळ्या फोल्डरांसह' या पर्यायासोबत लिहिली जाते. पाथ लिहिताना एक स्पेस जास्त पडली, तर ती पेन ड्राइव्हऐवजी अख्ख्या सिस्टिमवर चालू शकते. तसं झालं की सुडोच्या प्रोग्रामवरची खास खूण पुसली जाते आणि सुडोच बंद पडतं. एसएसएच लॉग-इन नाकारतं. चूक दुरुस्त करायला लागणारी हत्यारंच हातातून जातात आणि बऱ्याचदा लिनक्स पुन्हा टाकावं लागतं.

म्हणून एंटर दाबण्याआधी पाथ दोनदा वाचावा.

दर वेळी हाताने जोडायचं का?

कायम लावून ठेवायचा ड्राइव्ह असेल, तर 'एफएसटॅब' या फाइलमध्ये त्याची नोंद करता येते. तिथे ड्राइव्हचं 'एसडीबी १' असं नाव लिहू नये, कारण दुसरा ड्राइव्ह आधी लावला तर हे नाव बदलतं. त्याऐवजी 'यूयूआयडी' हा त्या ड्राइव्हचा स्वतःचा क्रमांक लिहावा. पुढे फॅट किंवा एक्सफॅट असेल तर युजरचा नंबर आणि यूमास्क द्यावा.

एक शब्द मात्र न विसरता लिहावा: 'नोफेल'. तो नसेल आणि पेन ड्राइव्ह न लावता कॉम्प्युटर सुरू केला, तर सिस्टिम साधारण ९० सेकंद वाट पाहते आणि नंतर 'इमर्जन्सी मोड'च्या काळ्या स्क्रीनवर थांबते. घरातलं कोणीतरी पेन ड्राइव्ह काढून नेला आणि लॅपटॉपच 'बिघडला', असं वाटण्याची वेळ येते.

बॅकअप घेताना काय जपायचं?

लिनक्सचं होम फोल्डर फॅट किंवा एक्सफॅटच्या ड्राइव्हवर तसंच्या तसं कॉपी केलं, तर फोटो आणि कागदपत्रं नीट जातात, पण मालक आणि परवानग्या गळून पडतात. परत आणल्यावर काही प्रोग्राम चालत नाहीत, काही कुरकुर करतात. त्यावर उपाय म्हणजे 'टार' कमांडने सगळ्याची एक गाठोडी बांधायची. परवानग्या त्या गाठोडीच्या आत जपल्या जातात. ड्राइव्ह फॅट ३२ चा असेल, तर ४ जीबीची मर्यादा लक्षात ठेवावी.

परवानगी म्हणजे कुलूप नव्हे

परवानग्या नीट लावल्या की पेन ड्राइव्ह सुरक्षित झाला, हा सर्वांत महागात पडू शकणारा गैरसमज. परवानग्या म्हणजे सोसायटीच्या वॉचमनकडची यादी. वॉचमन आहे तोवर यादीचा उपयोग. पेन ड्राइव्ह रिक्षात विसरला, तर तो ज्याच्या हाती लागेल त्याच्या कॉम्प्युटरवर वॉचमन त्याचा असतो. तो स्वतः रूट असेल, तर तुमची ७०० परवानगी त्याला अडवू शकत नाही.

आधार कार्डाच्या प्रती, बँकेची स्टेटमेंट, क्लायंटच्या फाइल्स असं काही पेन ड्राइव्हवर असेल, तर तो एन्क्रिप्ट करणं हाच खरा उपाय. 'डिस्क्स' ॲपमध्ये फॉरमॅट करताना 'लक्स' पासवर्डचा पर्याय मिळतो. मात्र तो वापरताना ड्राइव्हवरचा जुना डेटा पुसला जातो, म्हणून आधी कॉपी घ्यावी. लक्सचा ड्राइव्ह विंडोज उघडत नाही. दोन्हीकडे चालायला हवा असेल, तर 'व्हेराक्रिप्ट' हे मोफत सॉफ्टवेअर वापरता येतं. पासवर्ड विसरला तर डेटा परत मिळत नाही, हे दोन्हीकडे सारखंच.

कोणता फॉरमॅट कशासाठी?

झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढायची, टीव्हीला किंवा गाडीच्या म्युझिक सिस्टिमला लावायचा, तर फॅट ३२. मोठे व्हिडिओ विंडोज, मॅक आणि लिनक्समध्ये न्यायचे, तर एक्सफॅट. नोव्हेंबर २०१९ मध्ये आलेल्या कर्नल ५.४ पासून लिनक्समध्येच एक्सफॅटची सोय आहे. विंडोजमधला जुना हार्ड डिस्कचा साठा असेल, तर एनटीएफएस. २०२१ च्या कर्नल ५.१५ पासून त्यासाठी नवा ड्रायव्हर आला आहे. फक्त लिनक्सचा बॅकअप असेल, तर ईएक्सटी ४.

ईएक्सटी ४ चा ड्राइव्ह चुकून विंडोजला लावला तर काय होतं, हे मात्र घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवावं. विंडोजला तो वाचता येत नाही आणि 'वापरण्याआधी डिस्क फॉरमॅट करा' असं ते सुचवतं. तिथे 'हो' म्हटलं की सगळा डेटा गेला. 'कॅन्सल' दाबून ड्राइव्ह काढून घ्यावा.

पुढच्या वेळी संदेश आला तर

१. संदेश नीट वाचा. 'परमिशन डिनाइड' असेल तर मालक तपासा. 'ऑपरेशन नॉट परमिटेड' असेल तर त्या फॉरमॅटमध्ये तो बदल होतच नसावा. 'रीड-ओन्ली' असेल तर ड्राइव्ह तपासा.

२. 'एलएसबीएलके' या कमांडला 'एफ' पर्याय देऊन किंवा डिस्क्स ॲपमध्ये ड्राइव्हचा फॉरमॅट पाहा.

३. फॅट किंवा एक्सफॅट असेल तर अनमाउंट करून फाइल मॅनेजरमधून पुन्हा जोडा, किंवा युजरचा नंबर देऊन माउंट करा.

४. ईएक्सटी ४ असेल तर पाथ तपासून सीएचओन वापरा.

५. काहीच जमलं नाही, तर फॉरमॅट करण्याआधी डेटा कॉपी करा. लिहिता येत नसलं तरी वाचता बहुतेक वेळा येतं, आणि सुडोने तर परवानगीचा अडथळा येतच नाही.

लिनक्सच्या या पायऱ्या पाहून शिकायच्या असतील, तर आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पात लिनक्सचे धडे मराठी आवाजातही मोफत उपलब्ध आहेत. आणि शेजारच्या कोणी 'पेन ड्राइव्ह खराब झाला, फॉरमॅट मारतो' असं म्हटलं, तर त्याला आधी एवढंच विचारा: संदेश नेमका काय आला होता?